हिवरदऱ्याची पांद

वादळ होऊन तीन दिवस झाले होते आणि मंजुळाबाई पडवळ अजून एकाच जांभळाशी झुंजत होती. झाड असं आडवं पडलं होतं, की माणूस सोडा, शेळीसुद्धा पलीकडं जाईना. तिनं पदर कमरेला खोचला, तळहातावर थुंकली आणि कुऱ्हाड घातली. घाव बसला की ओल्या ढलप्या तोंडावर उडायच्या. बुंध्याच्या पल्याडच्या अंगाला भीमराज ओव्हाळ करवत ओढत होता. साठी उलटलेला माणूस. तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत वेल्डिंग करून डोळे अधू झालेले, पण मनगट अजून सुतळीगत पिळदार.

हिवरदरा गाव चाकणच्या कारखान्यांच्या पाठीमागं, भिवाईच्या डोंगराच्या पायथ्याला. गावातून डोंगराकडं निघालं की आधी पांद लागते. दोन्ही अंगाला उंच बांध आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, तिलाच गाव पांद म्हणतं. पांद सरली की चढाची पाऊलवाट. निम्म्यावर जुनी लेणी आणि पार माथ्यावर चार घरांची वस्ती. त्यातलं एक घर मंजुळाबाईचं. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. सात शेळ्या, वरईचं एक वावर, आणि रविवारी डोंगर चढायला येणाऱ्या वाकड-पिंपरीच्या लोकांसाठी लेण्याखालच्या झापात ताक आणि पिठलं-भाकरी. झाप म्हणजे चार लाकडी मेढी आणि वर पाचटाचं छप्पर. तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

त्या वैशाखातलं वादळ दावं तोडलेल्या वळूगत गावात घुसलं. माथ्यावरच्या घरांचे पत्रे पतंगासारखे उडाले. त्यातल्या एकानं तिची गाभण शेळी दाव्याजवळच चिरली. सकाळी तिनं ती पोटातल्या दोन करडांसकट पुरली. लेण्याखालचा कडा ढासळला आणि शंभरेक पावलं वाट दगडांनी गिळली. खाली पांदीत अकरा झाडं आडवी झाली. दुसरी वाट म्हणजे डोंगराला मागून वळसा, तीन कोस, तेही काट्याकुट्यातून.

भीमराज नोकरी सुटल्यावर दापोडीत लेकीकडं राहायचा, पण वैशाखी पौर्णिमेला न चुकता गावी यायचा. त्याच्या भावकीची माणसं त्या दिवशी लेण्यात वंदनेला जात. त्याची आई होती तेव्हापासूनची ही रीत. पौर्णिमा अकरा दिवसांवर होती. तो करवत घेऊनच आला आणि म्हणाला, वैनी, तू खालून घाव घाल, मी वरून कापतो.

मग गावातली आणखी पाच-सहा माणसं आली. रविवारी वाकडची ऋता आठ जणांना घेऊन आली. ही पोरगी संगणकाच्या कंपनीत होती आणि चार वर्षं महिन्यातून दोनदा लोकांना डोंगर दाखवायला आणायची. तिच्या माणसांचे हात मऊ, दोन तासांत फोड आले, पण एकानंही काम टाकलं नाही. ओळ करून ते कड्याखालचे दगड एकमेकांच्या हातात देत राहिले. सहाव्या दिवशी वाट निघाली. मंजुळाबाई रिकाम्या हातानं खालपासून वरपर्यंत एकदा चालून आली आणि मगच जेवली.

सातव्या दिवशी पांदीच्या तोंडाला सिमेंटचे खांब उभे राहिले होते.

खांबांना काटेरी तार आणि तारेवर पाटी. वादळामुळे वाट धोकादायक आहे, प्रवेश बंद. शेजारी पांढऱ्या गाडीला टेकून दादासाहेब उभे होते. पांदीच्या दोन्ही अंगांची शेतं त्यांनी दोन वर्षांखाली घेतली होती. तिथं कंपन्यांना भाड्यानं द्यायला मोठी गोदामं बांधायची होती. मधून पांद गेली की जमिनीचे दोन तुकडे होतात, एवढी साधी गोष्ट. ती तोंडानं बोलायची नव्हती, म्हणून वादळ बोलत होतं.

"माझं काय न्हाई, मंजुळाबाई," दादासाहेब गोड आवाजात म्हणाले. "उद्या शहरातलं कुनी मेलं तर पाप माझ्या माथी."

"मरायचं तर वर कड्यापाशी मरंल," ती म्हणाली. "ही पांद तळहातासारखी सपाट हाय. तार वर लावा की."

दादासाहेब हसले. तेवढ्यात गाडीच्या पलीकडून प्रीतम पुढं आला. प्रीतम तिच्या दिराचा मुलगा. आई मेली तेव्हा चार वर्षांचा होता, पुढं दहाव्या वर्षापर्यंत मंजुळाबाईच्या चुलीपाशी वाढला. याच पांदीतून रोज शाळेत गेला, विंचू चावला तेव्हा याच पांदीतून ती त्याला पाठुंगळी मारून धावली. आता तो कंपन्यांना मजूर पुरवायचा, गळ्यात साखळी, दंडावर वाघ गोंदलेला. बापाच्या वाटची जमीन दादासाहेबांना विकून तो त्यांचाच माणूस झाला होता. काकी, मधी पडू नगं, एवढंच तो म्हणाला. तिच्या डोळ्यांकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

तिनं तारेखालून वाकून पलीकडं जायला सुरुवात केली. तारेनं पाठीवर लुगडं फाटलं, कातडं सोललं. कुणी अडवलं नाही. पण दोन दिवसांनी ती वरून शेळ्या घेऊन झापाकडं आली तर झाप राहिला नव्हता. मेढी मुळातून उपटलेल्या, पाचट पेटवलेलं, रांजण फोडलेला. तिचं कुत्रं राखेजवळ पडलं होतं. डोकं दगडानं ठेचलेलं. माशा बसल्या होत्या. तिनं त्याला उचललं तेव्हा त्याच्या दातांत निळ्या जीनचा एक तुकडा अडकलेला दिसला. गेला, पण चावून गेला, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्या मनाला बरं वाटलं याची तिला जराही लाज वाटली नाही.

ती चौकीवर गेली. चौकीवर सांगितलं, हा जमिनीचा वाद आहे, तहसीलला जा. ऋतानं रजा काढून तिला तहसीलला नेलं. तिथं जुना गावनकाशा निघाला. नकाशात गावापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत दुहेरी तुटक रेघ होती आणि कारकुनानं बोट ठेवून सांगितलं, ही वहिवाटीची वाट, ती कुणाला बंद करता येत नाही. मंजुळाबाईनं त्या रेघेवर आपलंही बोट ठेवून बघितलं. अर्ज झाला. तारीख मिळाली पौर्णिमेनंतर वीस दिवसांची.

भीमराजला सगळ्यांनी समजावलं, यंदा मागून वळसा घालू. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वीस दिसांनी नकाशा तोच ऱ्हानार ना? मग आज चाललो म्हनून काय बिघडलं. आमची म्हातारी मानसं तीन कोस काट्यातून चालायची न्हाईत." पौर्णिमेला पहाटे मंजुळाबाई कुऱ्हाड घेऊन खाली उतरली. वाटेत कुठं फांदी आडवी असली तर असावी, असं तिनं ऋताला सांगितलं. ते निम्मं खरं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी नऊच्या सुमाराला पांदीच्या तोंडाशी तीस-पस्तीस माणसं जमली. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं, फुलांच्या टोपल्या, आणि मागं ऋताची दहा-बारा माणसं. ऊन आत्ताच चटके देत होतं. तारेच्या पलीकडं प्रीतम आणि त्याचे चार गडी उभे होते, हातात लोखंडी गज. भीमराजनं खिशातून पक्कड काढली. तो कुणाशी बोलला नाही, शिवी दिली नाही. कारखान्यात काम सुरू करायच्या आधी जसा माणूस यंत्राकडं बघतो, तसं त्यानं खांबाकडं बघितलं आणि खालची तार तोडली. मग मधली. तार सुटली की टणकन उडून आपल्याच खांबाला गुंडाळायची.

"म्हाताऱ्या, हात काढ," प्रीतम म्हणाला.

भीमराजनं वरची तार तोडली.

प्रीतमचा गज त्याच्या गुडघ्याखाली बसला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. भीमराज बसला नाही, कोसळला, आणि पाय त्याच्या अंगाखाली भलत्याच दिशेला वळलेला दिसला. मग त्याच्या तोंडून जी आरोळी निघाली ती ऐकून पोरं रडायला लागली. दुसऱ्या गड्यानं त्याच्या फासळ्यांवर गज घातला. एक म्हातारी मधी पडली, तिला केसाला धरून बाजूला फेकली, फुलांची टोपली पायाखाली गेली. वाकडचा एक पोरगा पुढं धावला, त्याच्या तोंडावर गजाचं टोक बसलं आणि दात ओठातून बाहेर आले. गावचे दोघं-तिघं बांधावरून दगड मारायला लागले. धुळीत कोण कुणाला मारतंय कळेना.

मंजुळाबाई सगळ्यांच्या मागं होती. पुढं कशी आली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की प्रीतमनं भीमराजच्या दुसऱ्या पायावर गज उगारला होता. तिनं कुऱ्हाड फिरवून धरली, पातं मागं, बोथट तुंबा पुढं, आणि जांभळाच्या बुंध्यावर घालायची तशी दोन्ही हातांनी त्याच्या दंडावर घातली. वाघ गोंदला होता तिथंच. गज खाली पडला. प्रीतम फिरून तिच्याकडं बघत राहिला, आणि त्या क्षणी तो चार वर्षांचा दिसला. तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. तिसऱ्या वेळी तिच्या हातांनी कुऱ्हाड फिरवली. आता पातं पुढं होतं.

"वैनी, नगं," खालून भीमराज म्हणाला. आवाज फुटका, पण स्पष्ट.

ती थांबली. कुऱ्हाड डोक्यावर तशीच होती. प्रीतमच्या गड्यांनी आपला मुकादम गुडघ्यावर आलेला बघितला आणि ते बांध चढून पळाले. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली, भीमराजचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पदरानं त्याच्या तोंडावरच्या माशा वारत बसली. हातभर अंतरावर प्रीतम विव्हळत होता. काकी, पानी दे, असं तो दोनदा म्हणाला. तिनं ऋताला खुणावलं. पाणी ऋतानं पाजलं.

पुढचं सगळं उलटं झालं. ऋतानं मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि खरं काय ते कळावं म्हणून तिनं ते आपल्या हातानं चौकीवर नेऊन दिलं. पण तिनं मोबाइल काढला तोच मुळी भीमराजची आरोळी ऐकल्यावर, गर्दीत डोकी आणि धूळच आली. भीमराजवरचा घाव चित्रात नव्हता. मंजुळाबाईचे दोन घाव होते, लखलखीत उन्हात, आणि डोक्यावर उगारलेलं पातं होतं. दादासाहेबांचा वकील तेवढंच घेऊन बसला. प्रीतमवर आणि गड्यांवर मारहाणीचा गुन्हा झाला, ते चार दिवसांत सुटले. मंजुळाबाईवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा. ती अठरा दिवस तुरुंगात राहिली.

तिथं एका बाईनं पहिल्याच दिवशी तिची चादर ओढून घेतली आणि मंजुळाबाईनं तिचं मनगट असं धरलं, की नंतर कुणी वाटेला गेलं नाही. पण बराकीच्या भिंतीला पाठ लावून बसली की तिला हातातली कुऱ्हाड आठवायची. हाड तुटलं तेव्हा दांड्यातून एक झिणझिणी कोपरापर्यंत आली होती. आणि ती गोड लागली होती. प्रीतमचा हात मोडल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. त्या गोडीचं वाटत होतं.

जामीन झाला, पण अट पडली. सगळे साक्षीदार गावचे, म्हणून खटला संपेपर्यंत आरोपीनं हिवरदऱ्याच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही. ऋता कोर्टाच्या आवारात रडायला लागली. माझ्यामुळं झालं, मावशी, असं म्हणत राहिली. मंजुळाबाईनं तिला सांगितलं, तू बघितलंस ते दिलंस, मी केलं तेच त्यात हाय. मग जायचं कुठं हा प्रश्न आला. तिच्या भावानं फोनवर सांगितलं की घरात लग्नाची पोरगी आहे. नणंदेनं फोन उचलला नाही. भीमराजची लेक नेहा रुग्णालयात परिचारिका होती. तिनं विचारलंसुद्धा नाही, रिक्षा केली आणि तिला दापोडीला घेऊन गेली.

दापोडीतलं घर रेल्वेच्या रुळांकडच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. एका खोलीत भीमराज खाटेवर, पायात लोखंडी सळई घातलेली. मंजुळाबाई त्याला धरून उठवायची, बसवायची. गावात तिच्या घरच्यांनी ओव्हाळांच्या घरी कधी पाणी घेतलं नव्हतं. पहिल्या सांजेला नेहानं तिच्यापुढं ताट ठेवलं तेव्हा मंजुळाबाईला ते सारं आठवलं आणि ती इतकं जेवली, की नेहाला पुन्हा पीठ मळावं लागलं. शेळ्या वस्तीवरच्या शेजारणीनं सांभाळायला घेतल्या. महिन्याभरात मंजुळाबाईनं गल्लीच्या तोंडाशी चूल मांडली. शिफ्टवरून येणारे कामगार भाकरी बांधून न्यायला लागले.

तहसीलची तारीख एकदा पुढं गेली, दोनदा गेली. आणि भाद्रपदात एका दुपारी प्रीतम गल्लीत आला.

दंडात लोखंडी पट्टी घातलेली, हात कोपरात सरळ होत नव्हता. तो चुलीपाशी उकिडवा बसला. त्यानं दादासाहेबांचं म्हणणं सांगितलं. तिनं तहसीलला लिहून द्यायचं, की पांद मालकाच्या मेहेरबानीनं वापरत होतो, हक्काची वाट नव्हती. माथ्यावरचीच बाई असं म्हणाली की बाकीच्यांचं कोण ऐकतंय. बदल्यात प्रीतम कोर्टात जबानी फिरवील, खांब अंगावर पडून हात मोडला म्हणेल, चित्रणाचं वकील बघून घेईल. खटला उडंल, काकी. आठवड्यात तू घरी.

मंजुळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"म्हंजी तू खोटं बोलायचं आन् मीबी खोटं बोलायचं," ती म्हणाली. "मग मला घर मिळनार."

"व्हय."

"घरी जायचं कुठनं? वाट तर न्हाई म्हनून लिव्हून दिलेली."

प्रीतम हळूच म्हणाला, दादासाहेब तुला एकटीला जाऊ देतील.

तिनं विचारलं, हात रात्री ठणकतो का. तो हो म्हणाला. तिनं त्याला दोन भाकऱ्या आणि पिठलं वाढलं. डाव्या हातानं खाताना त्याला जमेना, तेव्हा भाकरी कुस्करून दिली. तो खाली मान घालून जेवला. ताट ठेवल्यावर ती म्हणाली, "मी तुला मारलं. कोर्टात इचारलं तर मारलं म्हनून सांगीन. भीमराजभाऊंचा पाय तू मोडलास, ते तू सांग. आन् पांद हाय, ती सगळ्यांची हाय. आता जा."

तो उठला. गल्लीच्या वळणावर थांबल्यासारखा झाला, पण मागं वळला नाही.

दिवाळीनंतर तहसीलची माणसं पाहणीला हिवरदऱ्यात गेली. नकाशावरची तुटक रेघ आणि जमिनीवरची पांद जुळली. गावच्या आणि शहरच्या मिळून बावीस जणांनी लिहून दिलं, त्यात मंजुळाबाईचा जबाब तिच्या अंगठ्यासह पहिला होता. हुकूम निघाला, की वाट आठ फूट रुंद, डोंगरमाथ्यापर्यंत, कायमची खुली. खांब उपटले तेव्हा भीमराज काठी टेकत तिथं गेला होता. डावा पाय तीन बोटं आखूड झालेला, पांदीच्या पुढं त्याला चढवेना. तो एका बांधावर बसला आणि बाकीची माणसं वर जाताना बघत राहिला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सगळं बारीकसारीक सांगितलं. मंजुळाबाईनं दोनदा ऐकलं. त्यानं एक गोष्ट मात्र आधी गाळली आणि मग सांगितलीच, की जिथं झाप होता तिथं आता दादासाहेबांच्या मेव्हण्यानं चहाची टपरी टाकली आहे. रविवारी बसायला जागा नसते.

खटल्याची तारीख पडली पुढच्या फाल्गुनात. वकील म्हणाला, दोन वर्षं लागतील, तीनही लागतील.

त्याच थंडीत एका रविवारी पहाटे उजाडता उजाडता पाठीवर पिशव्या अडकवलेल्या दोन पोरी चुलीपाशी थांबल्या. त्यांनी भाकऱ्या बांधून मागितल्या. एकीच्या हातात मोबाइल होता, त्यात नकाशा. हिवरदऱ्याच्या लेण्यांकडं जायचंय, ती म्हणाली, वादळात वाट बंद झाली होती असं कुठं तरी वाचलं, आता काय ते माहीत नाही. तुम्हाला काही माहिती आहे का, मावशी?

मंजुळाबाईनं सगळी वाट सांगितली. पांद सरली की उजव्या हाताचा चढ धरा. कड्याखाली नवे दगड रचलेत, तिथं एकेकानं जावा, डाव्या अंगाला हात लावून. लेण्याच्या वर उंबराखाली पाणी हाय, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. माथ्यावर चार घरं हायेत, त्यातल्या एकाला कुलूप हाय, त्याच्या ओट्यावर सावलीला बसलं तर कुनी काय म्हननार न्हाई.

"नक्की उघडी आहे ना?" दुसरीनं विचारलं. "कुणी अडवत नाही?"

"कुनालाबी न्हाई," मंजुळाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.